सायक्लोन (कोनी आयलंड)

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात, कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यालगतचा जुन्या धाटणीचा लाकडी रोलर कोस्टर. आराखडा व्हर्नन कीनन यांचा, बांधणी हॅरी बेकर यांची. २६ जून १९२७ रोजी तो सुरू झाला. तेव्हा तिकीट २५ सेंट होते.

लाकडी म्हणून त्याची ख्याती असली, तरी त्याचा सांगाडा पोलादी आहे. रोलर कोस्टरची जात खांबांवरून नव्हे, रुळांवरून ठरते. सायक्लोनचा रूळ म्हणजे एकावर एक ठोकलेल्या फळ्यांचे थर आणि वर चाकांसाठी पोलादी पट्टी. पोलादी नळीचा रूळ ताठ राहतो, त्यावरून गाडी घरंगळत जाते. फळ्यांचा रूळ भाराखाली किंचित दबतो आणि पुन्हा वर येतो. खडखडाट, हिसके, दोन फेऱ्या कधीच तंतोतंत सारख्या न वाटणे, हे सगळे त्यातूनच येते. शौकिनांना हवे असते तेच. पाठदुखी असलेल्यांनी मात्र लांबूनच बघावे.

साखळी गाडीला २६ मीटर उंचीवर ओढून नेते. पुढे इंजिन नाही, सारा कारभार गुरुत्वाकर्षणाचा. पहिला उतार सुमारे ५८ अंशांचा, वेग ताशी सुमारे ९६ किमी. घर्षणाने शक्ती खर्च होत जाते, म्हणून पुढचे चढ त्या पहिल्या उंचीला पोहोचत नाहीत. माथ्यावरून गाडी एकदम खाली वळली की शरीर आसनावरून उचलले जाते आणि पोटात गोळा येतो. सुमारे ८०० मीटरांची फेरी दोन मिनिटांच्या आत आटोपते.

जागाही साधी नाही. अमेरिकी संशोधक लमार्कस थॉम्पसन यांनी १८८४ मध्ये याच परिसरात ५ सेंटांत फिरवणारी घसरती गाडी, म्हणजे सुरुवातीच्या काळातला एक रोलर कोस्टर, सुरू केली होती. तिचा वेग ताशी दहा किमीच्या आसपास होता. विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग १९२९ मध्ये सायक्लोनमध्ये बसले आणि उडण्यापेक्षा यातच थरार जास्त, असे म्हणाले म्हणे.

१९६९ मध्ये शहराने सायक्लोन विकत घेतला. शेजारच्या मत्स्यालयाला विस्तारासाठी ती जागा हवी होती आणि कोस्टर पाडण्याचे घाटत होते. लोकांनी विरोध केला. अखेर तो ॲस्ट्रोलँड या मनोरंजन उद्यानाला भाड्याने दिला गेला आणि ३ जुलै १९७५ रोजी पुन्हा धावू लागला. १९८८ मध्ये शहराने त्याला वारसा वास्तूचा दर्जा दिला, तर १९९१ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचा समावेश झाला. हल्ली तो लूना पार्क या मनोरंजन उद्यानात मोडतो. लाकूड झिजते, त्यामुळे फळ्या वरचेवर बदलाव्या लागतात. वारसा १९२७ चा असला, तरी चाकांखालचे लाकूड पुष्कळ नंतरचे आहे.