अँटिसोशल, सायकोपाथ आणि तिसाचा आकडा: कैद्यांच्या तपासणीमागची पार्श्वभूमी

तुरुंगातल्या माणसाची मानसिक तपासणी झाली अशी बातमी आली की अँटिसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर (नियम आणि दुसऱ्यांचे हक्क सतत पायदळी तुडवणारा स्वभावविकार) आणि सायकोपथी (निर्दय, थंड, पश्चात्ताप नसलेला स्वभाव) हे दोन्ही एकाच वाक्यात येतात, जणू एकाच माणसाचं घरातलं नाव आणि कागदावरचं नाव. तसं नाहीये. दोन्हींच्या कसोट्या वेगळ्या लोकांनी वेगळ्या कारणासाठी बनवल्या, आणि पुढे तुरुंग, पॅरोल बोर्ड आणि कोर्ट यांनी त्या सोयीप्रमाणे वापरल्या. घोळ तिथूनच आहे.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. १८०० च्या आसपास फ्रान्समधल्या एका डॉक्टरला असे रुग्ण दिसले की भास नाही, भ्रम नाही, बुद्धी शाबूत, तरी वागणं हाताबाहेर. १८३५ मध्ये इंग्लंडात अशाच लोकांसाठी 'नैतिक वेडेपणा' हे नाव निघालं, १८९१ ला जर्मनीत 'सायकोपॅथिक' आलं पण फारच सैल अर्थाने. आजच्या कामाचं जे आहे ते १९४१ पासून. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका मनोविकारतज्ज्ञाने आपल्या रुग्णांबद्दल पुस्तक लिहिलं, आणि पुढच्या आवृत्त्यांत लक्षणांची यादी १६ वर स्थिरावली: वरवरची मोहकता, पश्चात्ताप नाही, अनुभवातून काही शिकणं नाही, प्रेम करायची ताकद नाही वगैरे. त्याचे हे रुग्ण हॉस्पिटलातले होते, बरेचसे बऱ्या घरचे, त्यात धंदेवाले होते, डॉक्टरही होते. म्हणजे सायकोपाथचं जे चित्र आपण आजही डोक्यात धरून बसलोय ते मुळात तुरुंगात काढलेलंच नाही.

मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकन मॅन्युअलच्या, म्हणजे डीएसएमच्या, १९५२ च्या पहिल्या आवृत्तीत हे सगळं 'सोशिओपॅथिक' नावाच्या एका मोठ्या कप्प्यात होतं, आणि त्याच कप्प्यात दारूडे, नशेडी आणि समलैंगिक लोकही कोंबलेले होते. १९६८ मध्ये 'अँटिसोशल' हे वेगळं झालं. पण वर्णन चारसहा ओळींचं, 'स्वार्थी, निर्दय, अपराधी वाटत नाही' अशा धाटणीचं, आणि किती लक्षणं असली म्हणजे निदान करायचं याचा कुठेच पत्ता नाही.

आता १९८०. माझ्या मते सगळा पेच या वर्षात आहे, म्हणून इथे जरा थांबूया.

त्या काळात मनोविकारशास्त्राची इज्जत गेली होती. एकाच रुग्णाला न्यूयॉर्कचा डॉक्टर एक निदान देई आणि लंडनचा दुसरं, आणि हे दोन्ही देशांनी मिळून केलेल्या अभ्यासातच उघडं पडलं होतं. त्यामुळे १९८० ला निघालेल्या डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीच्या समितीने ठरवलं की जे दोन डॉक्टरांना सारखं मोजता येईल तेच लिहायचं. अँटिसोशलसाठी तयार माल सेंट लुईस शहरात होता. तिथल्या एका संशोधिकेने बालमार्गदर्शन क्लिनिकमध्ये कधीकाळी आणलेली ५२४ मुलं तीस वर्षांनी शोधून काढली होती आणि १९६६ मध्ये दाखवून दिलं होतं की लहानपणी चोऱ्या, शाळा बुडवणं, घरातून पळणं हे जितकं जास्त तितकी मोठेपणी गडबड जास्त. काम अफाट होतं, त्यात वाद नाही. पण त्यातून निकष उतरले ते असे: पंधराच्या आत शाळा बुडवली का, पळून गेला का, मारामाऱ्या केल्या का, मोठेपणी नोकरी टिकली का, कर्ज फेडलं का, मुलांकडे लक्ष दिलं का, अटक झाली का. निर्दयपणा, थंडपणा, भूल पाडणं, पश्चात्ताप नसणं, हे जवळजवळ सगळं बाहेर, कारण ते 'अंदाजाने' सांगावं लागतं.

बाजू घ्यायची नाही म्हटलं तरी घेतली जाते, पण दुसरी बाजूही ऐकून घ्या. अंदाजावर सोडलं तर डॉक्टरला जो कैदी आवडत नाही तो सायकोपाथ, हे होतच होतं, आणि गरीब, काळा, उद्धट असेल तर आणखी लवकर. मोजता येणारे निकष हा त्यावरचा प्रामाणिक उपाय होता. फक्त तो बाहेरच्या जगासाठी होता. तुरुंगात हेच निकष लावा आणि बघा काय होतं: आत असलेल्या प्रत्येकाकडे अटक आहेच, नोकरी टिकलेली नाही, हप्ते थकलेले, लहानपण रस्त्यावरचं. २००२ मध्ये १२ देशांतल्या ६२ सर्वेक्षणांचा, सुमारे २३ हजार कैद्यांचा एकत्र हिशोब छापून आला, त्यात पुरुष कैद्यांपैकी ४७ टक्के आणि स्त्री कैद्यांपैकी २१ टक्के अँटिसोशलमध्ये बसले. जे निदान बराकीतल्या दर दुसऱ्या माणसाला लागतं त्याचा जेलरला किंवा जेलमधल्या डॉक्टरला उपयोग काय? कोण धोकादायक, कोणाला कुठल्या गटात ठेवायचं, कोणाला सोडायचं, यातलं काहीच त्यातून निघत नाही.

१९८७ मध्ये डीएसएममध्ये पश्चात्ताप नसण्याचं कलम पुन्हा आत घेतलं. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीआधी तर प्रत्यक्ष चाचणी घेतली, जुने निकष एकीकडे आणि सायकोपथीची दहा कलमं दुसरीकडे, त्यात कैदीही होते. व्यक्तिमत्त्वाची कलमं सारखी मोजता येत नाहीत हा जो १९८० चा मुख्य मुद्दा होता तो या चाचणीत फारसा टिकला नाही. तरीही बदल झाला नाही. सात निकष, त्यातले कोणतेही तीन, वय १८ च्या पुढे आणि पंधराच्या आतला पुरावा. म्हणजे पश्चात्ताप अगदी ढसाढसा रडण्याइतका असला तरी माणूस अँटिसोशल ठरू शकतो. मग निकषांसोबतच्या मजकुरात एक वाक्य सरकवून दिलं की तुरुंगासारख्या ठिकाणी सहानुभूतीचा अभाव, फुगलेला अहं, गुळगुळीत बोलणं ही लक्षणं जास्त उपयोगी पडू शकतात. शिवाय या पॅटर्नलाच सायकोपथी असंही म्हणतात असं तिथेच लिहून ठेवलं. निकष एक सांगतात, मजकूर दुसरं, आणि वकील जे सोयीचं ते वाचून दाखवतो. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतही मुख्य निकष तसेच राहिले, पर्यायी मॉडेल मागच्या भागात ढकललं, तिथे 'सायकोपॅथिक वैशिष्ट्यांसह' अशी जोड द्यायची सोय आहे, पण मागचा भाग उघडतो कोण.

दुसरा धागा कॅनडातला. १९६० च्या सुमारास व्हँकुव्हरजवळच्या एका कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात एक तरुण मानसशास्त्रज्ञ काही महिने नोकरीला होता, पुढे तो विद्यापीठात गेला आणि कैद्यांवरच संशोधन करत राहिला. अडचण साधी होती. कैद्याच्या हातात प्रश्नावली दिली की तो हवं ते भरतो, ज्याची खासियतच खोटं बोलणं आहे त्याला 'तुम्ही खोटं बोलता का' विचारून काय मिळणार. म्हणून त्याने कैद्याला न भरता येणारं साधन बनवलं: लांबलचक मुलाखत आणि त्यासोबत पूर्ण फाइल, पोलीस रेकॉर्ड, जेलचा रिपोर्ट, घरच्यांची माहिती, आणि मग गुण देणार तपासणारा. १९८० ला पहिली यादी आली, २२ कलमांची. हो, तेच वर्ष. एकीकडे मॅन्युअलने व्यक्तिमत्त्व बाहेर काढलं आणि त्याच साली दुसरीकडे कोणीतरी ते मोजून दाखवत होतं. १९९१ मध्ये सुधारलेली २० कलमांची यादी आली, पीसीएल-आर, २००३ ला तिची दुसरी आवृत्ती. प्रत्येक कलमाला ०, १ किंवा २, कमाल ४०. फाइल चांगली असेल तर नुसत्या फाइलवरून गुण देता येतात, पण फाइलशिवाय नुसत्या मुलाखतीवरून नाही. हा नियम जितका महत्त्वाचा तितकाच मोडला जाणारा.

आणि मग ३०. उत्तर अमेरिकेत ३० किंवा जास्त गुण म्हणजे सायकोपाथ. हा आकडा संशोधनात गट पाडायला ठरवलेला होता, निसर्गाने तिथे काही रेघ मारलेली नाही. चाचणीची स्वतःचीच चूक साधारण ३ गुणांची धरली जाते, म्हणजे २८ वाला आणि ३१ वाला हे प्रत्यक्षात सारखेच असू शकतात, पण अहवालात एक 'सायकोपाथ' आणि दुसरा 'नाही'. युरोपात बऱ्याच ठिकाणी २५ वापरतात, कारण स्कॉटलंडच्या तुरुंगांमध्ये गुण कमी पडतात असं दिसलं होतं. अमेरिकेत १५ ते २५ टक्के कैदी ३० च्या वर जातात असं सांगितलं जातं, इंग्लंड-वेल्समध्ये २००९ ला पुरुषांत ७.७ आणि स्त्रियांत १.९ टक्के निघाले. म्हणजे विमानात बसून अटलांटिक ओलांडला की माणूस बरा होतो.

वीस कलमांमधली काही सरळ गुन्ह्यांची आहेत: किती प्रकारचे गुन्हे, बालगुन्हेगारी, पॅरोल मोडला का. पूर्वी गुन्हे केले म्हणून गुण वाढले, आणि गुण जास्त म्हणून पुढे गुन्हे करेल, हे वर्तुळ झालं, अशी टीका २००१ पासून जोरात सुरू झाली. असाच एक टीकालेख २००७ ला स्वीकारला गेला होता, पण चाचणीच्या जनकाने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला आणि तो छापून यायला २०१० उजाडलं. शास्त्रातला वाद वकिलामार्फत, बरं दिसत नाही एवढंच म्हणतो.

ब्रिटनमध्ये वेगळाच गुंता. तिथल्या १९५९ च्या कायद्यात 'सायकोपॅथिक डिसऑर्डर' ही कायदेशीर वर्गवारी होती, असाधारण आक्रमक किंवा अत्यंत बेजबाबदार वागणं एवढाच तिचा अर्थ, ना मॅन्युअलशी संबंध ना चाचणीशी, आणि ती २००७ च्या दुरुस्तीपर्यंत टिकली. १९८३ च्या कायद्यात अट होती की उपचाराने फरक पडणार असेल तरच अशा माणसाला हॉस्पिटलात अडकवून ठेवता येईल. १९९६ मध्ये केंटमध्ये आई आणि लहान मुलीचा खून झाला, दोषी ठरलेला माणूस मनोविकारसेवेला आधीपासून माहीत होता, आणि 'उपचार होत नाही म्हणून मोकळा सोडला' असा गदारोळ झाला. १९९९ ला सरकारने 'धोकादायक आणि तीव्र व्यक्तिमत्त्व विकार' अशी नवीनच वर्गवारी काढली, कुठल्याही डॉक्टरी पुस्तकात नसलेली. दोन तुरुंग आणि दोन सुरक्षित हॉस्पिटलांत खास युनिटं उघडली. प्रवेश कसा? पीसीएल-आर ३० किंवा जास्त, किंवा २५ ते २९ आणि अँटिसोशल सोडून आणखी एखादा व्यक्तिमत्त्व विकार, किंवा दोन-तीन विकार एकत्र. म्हणजे २५ ते २९ वाल्यांचं अँटिसोशल धरायचंच नाही, कारण ते सगळ्यांनाच आहे, हे सरकारनेही मान्य केलं की! प्रचंड खर्च झाला, आणि २०११ नंतर ती व्यवस्था गुंडाळून तुरुंग आणि प्रोबेशन यांच्या साध्या मार्गात बदलली.

अमेरिकेत सगळ्यात वाईट वापर टेक्सासचा. १९७३ च्या कायद्याने ज्युरीला फाशीआधी उत्तर द्यायचं असतं की हा माणूस पुढे समाजाला धोका राहील का. तिथे एक मनोविकारतज्ज्ञ साक्षीला उभा राहायचा, कित्येकदा आरोपीला न तपासता, आणि तो सोशिओपाथ आहे, पुन्हा मारणारच, असं छातीठोक सांगायचा. १९८३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असली साक्ष चालेल म्हटलं, तेही डॉक्टरांच्याच संघटनेने असे अंदाज तीनपैकी दोनदा चुकतात असं लेखी कळवलेलं असताना. त्या तज्ज्ञाला संघटनेने काढलं ते १९९५ मध्ये. पुढे त्या साक्षीच्या जागी चाचणीचा आकडा आला, जास्त शास्त्रीय दिसणारा. पण तुरुंगातल्या हिंसेचा अंदाज करायला या आकड्याचा आधार फारच कच्चा आहे, आणि फाशी टळली तर माणूस राहणार तुरुंगातच. २०२० मध्ये या क्षेत्रातल्याच तज्ज्ञांनी जाहीर निवेदन काढून फाशीच्या खटल्यात असा वापर नको म्हटलं. त्याआधी २०१३ ला एका प्रयोगात शंभराहून जास्त तज्ज्ञांना त्याच फाइली दिल्या, काहींना सांगितलं तुम्ही सरकारी बाजूचे, काहींना बचावाचे. सरकारी वाटणाऱ्यांनी जास्त गुण दिले. पैसे कोण देतंय याचा गुणांवर परिणाम होतो, हे ज्यांनी आयुष्य कोर्टात काढलं त्यांना वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे यातलं काय लागू? कायद्यात वेडेपणाचा बचाव १८६० पासून दंड संहितेचं कलम ८४ आणि आता न्याय संहितेचं कलम २२, त्यात कृत्य काय आहे किंवा ते चुकीचं आहे हेच कळत नव्हतं असं दाखवावं लागतं. सायकोपाथला ते व्यवस्थित कळत असतं, त्यामुळे तो बचावात बसत नाही. १९६० च्या दशकात मुंबईत फुटपाथवर झोपलेल्यांना मारणारा तो खुनी, ज्याला आजही लोक 'सायको' म्हणतात, त्याला डॉक्टरांच्या मंडळाने स्किझोफ्रेनिया सांगितला होता, आणि त्यावरूनच हायकोर्टाने १९८७ ला फाशीची जन्मठेप केली. तो या लेखातल्या कुठल्याच यादीतला नाही.

खरा बदल मे २०२२ चा. सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या खटल्यात शिक्षा ठरवण्याआधी आरोपीचा मानसिक तपासणी अहवाल, जेलमधल्या वागण्याचा अहवाल, घरची-लहानपणची माहिती मागवायला सांगितलं, आणि ते शिक्षा कमी करायला काही आहे का हे शोधण्यासाठी. टेक्सासच्या बरोब्बर उलट दिशा. पण साधनं तीच. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीने तर 'डिससोशल' (अँटिसोशलचं तिथलं नाव) हा वेगळा विकारच काढून टाकला, आता आधी तीव्रता आणि मग स्वभावाचे कल लिहायचे. तरी अहवालात अँटिसोशल हा शब्द येऊ शकतोच, आणि तो आला की सरकारी वकील तो सुधारणा शक्य नाही म्हणूनच वाचणार. येरवडा किंवा नागपूरला फाशीच्या बराकीत असलेल्या माणसाने पंधराच्या आत शाळा बुडवली होती का, हे विचारायला आधी तो शाळेत होता का ते बघावं लागतं. दाखला नाही, आईवडील गेलेले, गाव सुटलेलं, मग हे कलम भरणार कोण आणि कशावरून? अमेरिकेत निदान जाड फाइल तरी असते.