एसीएल फाटल्यावर ऑपरेशन की व्यायाम : वादाची पार्श्वभूमी

एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारं लिगामेंट (हाडांना जोडणारा चिवट पट्टा), फाटल्यावर लगेच ऑपरेशन करायचं की आधी फिजिओकडे जायचं, या वादाला आजचं रूप आलं ते २०१० साली. स्वीडनमध्ये १८ ते ३५ वयाच्या १२१ जणांवर एक चाचणी झाली. व्यावसायिक खेळाडूंना तीत घेतलं नव्हतं. ६२ जणांचं ऑपरेशन लवकर झालं. उरलेल्या ५९ जणांना आधी व्यायाम दिले आणि गुडघा निसटतच राहिला तर नंतर ऑपरेशनची मुभा ठेवली. दोन वर्षांनी दुखणं, रोजच्या हालचाली, खेळ या सगळ्यांत दोन्ही गट सारखेच निघाले. व्यायामवाल्या गटातल्या २३ जणांनी तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं. पाच वर्षांनी हा आकडा ३० झाला, पण गटांमध्ये फरक तेव्हाही दिसला नाही.

भांडण आहे ते या २३ आणि ३० वरून. सर्जन म्हणतात, निम्म्या लोकांना शेवटी टेबलावर यावंच लागलं, आणि मधल्या काळात लटपटणाऱ्या गुडघ्यात मेनिस्कसचं, म्हणजे सांध्यातल्या कुर्चेच्या गादीचं, नुकसान होतं ते वेगळंच. फिजिओ म्हणतात, निम्म्यांचं ऑपरेशन टळलं की! दोघंही एकाच तक्त्यावर बोट ठेवतात. २०२१ साली नेदरलँड्समधल्या १६७ जणांच्या चाचणीतही व्यायामाच्या गटातल्या निम्म्यांनी पुढे ऑपरेशन करून घेतलं. २०२२ साली ब्रिटनमधून ३१६ जणांचा निकाल आला, तो मात्र ऑपरेशनच्या बाजूने. पण ते गुडघे ताजे फाटलेले नव्हते. जुनी दुखापत आणि कायमची लटपट असलेले रुग्ण होते ते. एवढा भेद बाजूला ठेवून हा निकाल सगळ्यांना लावला जातो, हे खटकतं.

या गदारोळात हातांच्या उपचारांची चर्चा मागे पडली. वरच्या चाचण्यांमध्ये पुनर्वसनाचा कणा होता व्यायाम. चोळणं-दाबणं नव्हे. फाटलेला एसीएल हाताने जोडता येत नाही, हे कुठलाही प्रामाणिक फिजिओ पहिल्याच दिवशी सांगतो. निदानात मात्र हाताचा मान मोठा. १९७६ साली मांडलेल्या लॅकमन तपासणीत गुडघा वीस-तीस अंशांत वाकवून एका हाताने मांडी धरतात, दुसऱ्याने नडगी पुढे ओढतात. शेवटी टणक अडकाव लागला नाही की एसीएल फाटलाय हे बोटांना कळतं.

जुना काळ थोडक्यात. क्रूसिएट लिगामेंट (एसीएल त्यातलंच एक) शिवण्याचा प्रयत्न लीड्समध्ये १८९५ सालीच झाला होता. पण इंग्लंडात गुडघा अडकला की बरेच खेळाडू हाडवैद्याकडेच जात. अशाच एका हाडवैद्याच्या रुग्णांना भूल देतो म्हणून १९११ मध्ये एका डॉक्टरचं नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकलं गेलं. त्याच हाडवैद्याला १९२२ साली 'सर' किताब मिळाला! आपल्याकडे तालमीतली मालीश आणि हाडवैद्याचा पट्टा आजही चालतो. फिजिओथेरपीचं रीतसर शिक्षण मुंबईत परळला सुरू झालं ते १९५० च्या दशकात.

ऑपरेशननंतर पूर्वी पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये असायचा. प्लास्टर निघालं की मांडी रोडावलेली, गुडघा आखडलेला, मग तो सोडवायचं काम फिजिओच्या हातात. १९९० साली एका अमेरिकन सर्जनच्या पाहणीत चक्क सांगितलेलं न ऐकणारे, लवकर पाय टेकवणारे रुग्णच जास्त चांगले निघाले. तेव्हापासून पहिल्या दिवसापासून गुडघा पूर्ण सरळ करण्यावर भर आला. वाटी बोटांनी वर-खाली सरकवणं, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा सरळ सोडणं, ही आजची कामं त्यातलीच. पालथं झोपवून पाय पलंगाबाहेर काढले की दोन टाचांच्या उंचीत जितक्या सेंटिमीटरचा फरक, साधारण तितके अंश गुडघा सरळ व्हायचा राहिलाय असं धरतात.

गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटची, एमसीएलची, गोष्ट निराळी. ते बहुतेकदा आपोआप भरून येतं, म्हणून १९८० च्या दशकापासून तिथे टाक्यांऐवजी ब्रेस (गुडघ्याला बाहेरून बांधायचा आधार) आणि हालचाल आली. लिगामेंटच्या तंतूंवर आडवी बोटं घासायची घर्षण मालीश तिथे अजून करतात. पुरावा तुटपुंजाच आहे.

एसीएल मुळीच जुळत नाही, ही समजूतही अलीकडे हलली. २०२३ साली ऑस्ट्रेलियातून ८० रुग्णांचा अहवाल आला. गुडघा चार आठवडे ९० अंशांत ब्रेसमध्ये अडकवायचा, पुढे हळूहळू सोडत बारा आठवड्यांनी ब्रेस काढायचा. तीन महिन्यांनी ९० टक्के जणांच्या एमआरआयमध्ये लिगामेंट जुळत असल्याच्या खुणा होत्या. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि पाय इतका काळ बांधून ठेवल्याने रक्ताची गुठळी होण्याचा धोका असल्याने रक्त पातळ करणारं औषधही या पद्धतीत घ्यावं लागलं.