हरित रोजगार आणि महापालिका (ठाणे–नवी मुंबई)

पर्यावरणाची हानी थांबवणारे किंवा भरून काढणारे आणि करणाऱ्याला पुरेसे वेतन, सुरक्षितता व मान देणारे काम म्हणजे हरित रोजगार. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यातील दुसऱ्या अटीवरही तितकाच भर देते. गच्चीवर सौर पॅनेल बसवणारा तंत्रज्ञ यात येतो, तशी सुका कचरा निवडणारी बाईही येते. पण हातमोजे आणि ठरलेला पगार मिळाला तरच.

७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) नागरी संस्थांसाठी नेमलेल्या १८ विषयांत घनकचरा, पाणीपुरवठा, नागरी वनीकरण आहे. रोजगार हा शब्द नाही. तरीही पालिकेच्या नियमांतून आणि निविदांतून कामे उभी राहतात. कचऱ्यात हे सर्वांत स्पष्ट दिसते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या सोसायट्यांवर ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. खताचे खड्डे रोज कोणीतरी हलवावे लागतात. हे कोणीतरी कोण, याचे उत्तर स्त्रीमुक्ती संघटना या मुंबईतील महिला संस्थेने १९९८ मध्ये सुरू केलेल्या ‘परिसर विकास’ उपक्रमात आहे : कचरावेचक बायकांना खतनिर्मिती, बागकाम आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ या ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणाऱ्या संयंत्राचे प्रशिक्षण देऊन ‘परिसर भगिनी’ म्हणून उभे करणे. पालिकेने जागा, ओळखपत्र आणि सुका कचरा विकण्याचा हक्क दिला, तर या कामाला बूड येते. निविदा केवळ किती टन कचरा उचलला यावर काढली, की हाताने निवडणारी माणसे हिशेबाबाहेर पडतात.

पाण्याचे कामही असेच. नवी मुंबई महापालिकेची कोपरखैरणे व ऐरोली येथील तृतीय स्तर शुद्धीकरण केंद्रे (प्रक्रिया केलेले सांडपाणी पुन्हा वापरण्याजोगे करणारी) प्रत्येकी दिवसाला २ कोटी लिटर क्षमतेची असून, तिथले पाणी औद्योगिक पट्ट्यासाठी आहे. तिथे पंपचालक, प्रयोगशाळा सहायक, जोडारी असे स्थानिक आयटीआयच्या मुलांना जमणारे काम असते. ठाण्यात सौर बंबांसाठी मालमत्ता करात सवलत दिली गेली. अशा सवलतीने दुरुस्ती करणाऱ्या कारागिरालाही गिऱ्हाईक मिळते.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य (२०१५ मध्ये घोषित; २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) वनखात्याच्या अखत्यारीत आहे. मात्र खाडीत जाणारे शहरातले सांडपाणी शुद्ध करणे हे पालिकांचे काम आहे, आणि ऐरोलीहून फ्लेमिंगो दाखवायला निघणाऱ्या होड्यांचे व खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्यांचे काम त्याच पाण्यावर चालते.