अपाची खिंडीतला झरा आणि बिनतटाचा किल्ला

फोर्ट म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तट, बुरूज आणि महादरवाजा उभा राहतो. अमेरिकेत ॲरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यात असलेल्या फोर्ट बुईमध्ये यातलं काहीच नव्हतं. मधोमध कवायतीचं मैदान, भोवती बराकी, अधिकाऱ्यांची घरं, तबेले, कोठारं आणि दवाखाना. खरं तर ही छावणीच होती. 1862 ते 1894 अशी बत्तीस वर्षं अमेरिकी लष्कर तिथे ठाण मांडून बसलं ते एका झऱ्यासाठी. या ठाण्याचा इतिहास नीट समजून घ्यायचा तर सुरुवात तिथल्या दगडापासून करावी लागते.

उत्तरेला डॉस काबेसास आणि दक्षिणेला चिरिकावा, अशा दोन डोंगररांगांमध्ये अपाची खिंड आहे. उंची साधारण 5,000 फूट. खिंडीच्या दोन्ही अंगांना रखरखीत सपाट खोरी पसरली आहेत. खिंडीतून एक मोठा भूभ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेग, जातो. त्याच्यामुळे अतिप्राचीन ग्रॅनाइट आणि त्याहून पुष्कळ नंतरचे चुनखडक शेजारीशेजारी येऊन टेकले आहेत. खडक सरकले त्या पट्ट्यात दगडाचा चुरा झाला. डोंगरावर पडलेलं पाणी खाली झिरपतं, घट्ट खडकाने अडतं आणि या भेगाळलेल्या पट्ट्यातून वाट काढत वर येतं. तोच अपाची झरा. चौफेर कोरड्या मुलखात बारमाही पाणी देणारी जागा असल्याने सगळ्या वाटा तिथे येऊन मिळत होत्या. चिरिकावा अपाची या तिथल्या मूळ रहिवासी जमातीसाठी ही घरची पाणवठ्याची जागा होती.

1858 मध्ये बटरफिल्ड कंपनीची टपाल-घोडागाडी या खिंडीतून धावू लागली. सेंट लुईस ते सॅन फ्रान्सिस्को हे सुमारे 2,800 मैल 25 दिवसांत कापायचे, आठवड्यातून दोनदा. खेचरं बदलायला खिंडीत, झऱ्यापासून जेमतेम 600 यार्डांवर, दगडी ठाणं बांधलं गेलं. अपाचींचा नायक कोचीस याने ते सोसलं. ठाण्यातल्या लोकांशी त्याचे व्यवहार सलोख्याचे होते.

हे सगळं बिघडवलं एका तरुण लेफ्टनंटने. जानेवारी 1861 मध्ये एका रँचवरून एक मुलगा पळवला गेला. हे काम दुसऱ्या अपाची टोळीचं होतं, पण लेफ्टनंट जॉर्ज बास्कमने कोचीसवर आळ घेतला. फेब्रुवारीत कोचीस कुटुंबासह विश्वासाने भेटायला आला, तेव्हा बास्कमने त्याला तंबूतच अडकवायचा प्रयत्न केला. कोचीस सुरीने तंबू फाडून निसटला, पण त्याचे नातेवाईक कैदेत राहिले. त्यानेही माणसं ओलीस धरली. अखेर दोन्हीकडचे ओलीस मारले गेले. लष्कराने फासावर चढवलेल्यांत कोचीसचा भाऊ होता. यातून पेटलेला संघर्ष अकरा वर्षं चालला, आणि त्याची पहिली जबाबदारी बास्कमकडे जाते, याबद्दल मला शंका वाटत नाही.

पुढच्या वर्षी अमेरिकेच्या यादवी युद्धात कॅलिफोर्नियाहून स्वयंसेवकांची फौज पूर्वेला निघाली. ती एकत्र चालत नव्हती, तुकड्या करून मागेपुढे चालत होती, आणि कारण पाण्याचंच होतं. उन्हात राबणारा एक घोडा दिवसाला 30 ते 40 लिटर पाणी पितो. शंभर जनावरं म्हटली की तीन-चार हजार लिटर झाले, आणि माणसांचा हिशेब अजून बाकीच. वाळवंटातले झरे एका दमात एवढं देत नाहीत. एक तुकडी पिऊन पुढे गेली, कुंड पुन्हा भरलं, की दुसरीने यायचं.

15 जुलै 1862 रोजी कॅप्टन थॉमस रॉबर्ट्सची तुकडी खिंडीत पोचली. आदल्या संध्याकाळी ड्रॅगून स्प्रिंग्जहून निघून ते सुमारे 40 मैल चालून आले होते. वाटेत पाण्याचा थेंब नाही. झरा समोर होता, पण त्याच्या वरच्या दोन्ही टेकड्यांवर दगडांचे आडोसे रचून कोचीस आणि मांगास कोलोराडास हा दुसरा अपाची नायक यांचे लढवय्ये बसले होते. अशा वेळी मागे फिरणं म्हणजे तहानेने मरणं. रॉबर्ट्सजवळ दोन पहाडी हॉवित्झर तोफा होत्या. त्यांची नळी शंभरेक किलोची, सुटी करून खेचराच्या पाठीवर लादता येणारी. तिचा गोळा कमानीत उडून आडोशामागे जाऊन फुटतो, आणि सरळ येणारी बंदुकीची गोळी अडवायला रचलेला दगड तिथे कामाला येत नाही. संध्याकाळपर्यंत झरा फौजेच्या हाती आला. दुसऱ्या दिवशी मागची रसद घेऊन परतल्यावर त्याच झऱ्यासाठी त्यांना पुन्हा लढावं लागलं. मग या फौजेचा सेनापती जनरल कार्लटनने हुकूम काढला, आणि 28 जुलैला ठाण्याचं काम सुरू झालं. आधी टेकडीवर तंबू आणि छातीइतकी दगडी भिंत एवढंच होतं. 1868 मध्ये जवळच्या सपाटीवर मोठी छावणी उभी राहू लागली, ती कच्च्या विटांची.

1872 मध्ये जनरल हॉवर्डने, कोचीसचा मित्र टॉम जेफर्ड्सच्या मध्यस्थीने, तह केला. चिरिकावांना त्यांच्याच डोंगरात राखीव प्रदेश मिळाला. 1874 मध्ये कोचीस वारला, 1876 मध्ये सरकारने तो प्रदेश रद्द करून लोकांना सॅन कार्लोसच्या उष्ण, उजाड मैदानात हलवलं. जेरोनिमो या अपाची लढवय्याचं पुन्हापुन्हा निसटणं सुरू झालं ते यानंतर.

1886 मध्ये जनरल नेल्सन माइल्सने फोर्ट बुईच्या भोवती जे जाळं विणलं ते विज्ञानाच्या दृष्टीने इथलं सगळ्यात विलक्षण प्रकरण आहे. हेलिओग्राफ म्हणजे आरशाने सूर्यप्रकाश फेकून टिंब-रेघेच्या लिपीत निरोप पाठवायचं साधन. ते बनवलं हेन्री मान्स या इंग्रज अभियंत्याने, 1869 च्या सुमारास कराचीत. तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होतं. तिथून ते अमेरिकी लष्कराच्या हाती गेलं. माइल्सने आधी मोंटानात त्याचे प्रयोग केले आणि मग ॲरिझोना-न्यू मेक्सिकोच्या शिखरांवर 27 ठाणी बसवली.

साधन दिसायला साधं असतं. एका तिवईवर साडेचार इंची चौकोनी आरसा, दुसऱ्या तिवईवर पट्ट्यांची झडप. आरशाच्या नेमक्या मध्यावरची चांदी खरवडलेली असते. त्या भोकातून मागून पाहायचं आणि पुढे रोवलेल्या दांडीवरची छोटी चकती लांबच्या शिखराशी एका रेषेत आणायची. मग स्क्रू फिरवून आरसा असा कलवायचा की मधल्या चांदीविना भागाची काळी टिकली त्या चकतीवर पडेल. टिकली चकतीवर असेल, तर झोत शिखरावर पोचतोय असं समजायचं. सूर्य पाठीमागे असेल तर दुसरा आरसा लावून आधी प्रकाश वळवून घ्यावा लागतो.

मान्सच्या मूळ रचनेत कळ दाबली की आरसाच किंचित हलायचा. झडप वेगळ्या तिवईवर ठेवली की दाबाचा धक्का आरशाला लागत नाही आणि नेम टिकून राहतो. पण सूर्य थांबत नाही. आकाशात त्याचा व्यास सुमारे अर्धा अंश, म्हणून परावर्तित झोतही तेवढाच रुंदावतो. 40 किलोमीटरवर त्याचा पट्टा साधारण 370 मीटरचा होतो. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, त्याबरोबर झोतही सरकतो, आणि मध्यावर धरलेला नेम मिनिटभरातच कडेला जातो. त्यामुळे एकाने झडप हलवायची आणि दुसऱ्याने काळ्या टिकलीवर डोळा ठेवून स्क्रू सतत फिरवत राहायचं. लक्ष चुकलं की समोरच्याला निरोपाचं अर्धं वाक्यच मिळतं.

नुसत्या डोळ्याने दिसण्याचा ढोबळ हिशेब आरशाच्या दर इंचामागे दहा मैल. कोरड्या, स्वच्छ हवेत तो खरा ठरतो. ढग आले, वणव्याचा धूर किंवा धुळीचं वादळ उठलं, वाऱ्याने तिवई थरथरली, की काम बंद. तरी मे ते सप्टेंबर 1886 या पाच महिन्यांत एकट्या ॲरिझोनाच्या विभागातून दोन हजारांहून जास्त निरोप गेले. तार तोडता येते, स्वार अडवता येतो. प्रकाशाचा हा झोत मात्र त्याच्या अरुंद पट्ट्याबाहेर उभ्या असलेल्याला दिसतसुद्धा नाही.

म्हणून आरशांनी जेरोनिमोला पकडलं असं लिहिलं जातं, ते मला पटत नाही. त्याच्याबरोबर बायकापोरं धरून चाळीसेक माणसं होती, मागावर सुमारे 5,000 सैनिक, आणि तो बराच काळ मेक्सिकोच्या सिएरा माद्रेत होता, जिथे ही ठाणी नव्हती. त्याला शोधून बोलतं केलं ते मार्टिन आणि कायिता या दोन चिरिकावा वाटाड्यांनी आणि लेफ्टनंट गेटवुडने. 4 सप्टेंबर 1886 रोजी स्केलेटन कॅन्यनमध्ये त्याने शरणागती पत्करली, आणि 8 तारखेला फोर्ट बुईच्या मैदानावरून सर्वांना गाड्यांत बसवून रेल्वेने फ्लोरिडाला धाडलं. मार्टिन आणि कायिता यांनाही कैदी करून त्याच देशोधडीला लावलं. चिरिकावा 1913 पर्यंत, म्हणजे 27 वर्षं, युद्धकैदी राहिले. ज्यांच्या विश्वासावर ही शरणागती घडली त्यांच्याशी असं वागणं हा या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय आहे.

ऑक्टोबर 1894 मध्ये लष्कर निघून गेलं. आसपासच्या लोकांनी कामाची लाकडं, दारं, छपरं काढून नेली, आणि भिंतींची खरी परीक्षा सुरू झाली.

ॲडोबी म्हणजे आपल्याकडचा भेंडा. माती भिजवायची, चिरलेलं गवत टाकून तुडवायची, बिनतळाच्या लाकडी साच्यात भरायची, दोन-चार दिवसांनी वीट उभी करायची आणि काही आठवडे उन्हात वाळू द्यायची. त्या भागात आज नेहमीची वीट 14 इंच लांब, 10 रुंद आणि 4 जाड असते, वजन सोळाएक किलो. मातीत चिकणमाती जास्त झाली तर वाळताना तडे जातात, वाळू जास्त झाली तर कोपरे बोटांनी सुटतात. माती बरणीत पाण्यासकट हलवून रात्रभर ठेवली की वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचे थर वेगळे दिसतात. त्यावरून मिश्रण ठरवता येतं.

छप्पर असेपर्यंत अशी भिंत शंभर वर्षं सहज टिकते. छप्पर गेलं की माथ्यावरून पाणी उतरतं. पण जास्त घातक मार खालून बसतो. जमिनीतली ओल केशाकर्षणाने भिंतीत चढते, बाहेरच्या बाजूला सुकते आणि सोबत आणलेले क्षार तिथे स्फटिक होऊन फुगतात. आपण त्याला लोणा लागला म्हणतो. पायथ्यापासून हातभर उंचीवर माती भुसभुशीत होऊन खोबण पडते, आणि एक दिवस वरची धडधाकट भिंत आपल्याच वजनाने कोसळते. ॲरिझोनातही जुलै ते सप्टेंबर मान्सूनचा धुवाधार पाऊस येतो, वर्षातलं मोठं नुकसान याच दिवसांत.

अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा कधीही करू नये. बाहेरून ती मजबूत दिसते, पण आत अडकलेली ओल बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि सिमेंटच्या कवचाआड मातीचा चिखल होऊन जातो. चुन्याचा थर पाऊस अडवतो आणि वाफही बाहेर जाऊ देतो. फोर्ट बुई आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. वाहन लांब ठेवून दीड मैल चालत गेलं की पांढुरक्या गिलाव्याखालचे मऊ गोलसर उंचवटे दिसतात, त्याच या बराकी. हा थर कायमचा नसतो, उडाला की पुन्हा चढवायचा असतो. झिजायचं ते चुन्याने झिजावं, आतल्या मूळ मातीने नव्हे, एवढाच त्याचा उपयोग. तिथे जाल तर भिंतींवर चढू नका, टेकूही नका. माथ्यावरचा थर एकदा फुटला की पुढच्या पावसाचं पाणी थेट आत उतरतं.