संचालकाची कर्तव्ये आणि कंपनीचा नफा : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

कंपनी आपली, भांडवल आपले, मग पैसे उचलायला ठराव कशाला, असा प्रश्न भागीदारी सोडून प्रायव्हेट लिमिटेड झालेले बेळगावच्या उद्यमबाग व मच्छे येथील कारखानदार आम्हाला वारंवार विचारतात. याचे उत्तर असे की, नोंदणी झाल्या दिवसापासून कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने निराळी व्यक्ती असते आणि तिचा पैसा तिचाच असतो, मग सर्व शेअर एकाच घरात का असेनात.

नफा जास्तीत जास्त वाढवणे हेच संचालकाचे कायदेशीर कर्तव्य, असाही एक समज आढळतो. त्यासाठी ज्या खटल्याचा दाखला देतात, तो फोर्ड मोटर कंपनीविरुद्धचा 1919 सालचा निकाल अमेरिकेतील मिशिगन राज्याचा आहे. आपल्याकडे कंपनी कायदा, 2013 चे कलम 166 लागू होते आणि त्यात सभासदांच्या हिताबरोबरच कंपनी, कामगार, समाज व पर्यावरण यांचेही हित सांभाळण्यास स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. म्हणून ओतकामातील जळकी वाळू, वाहतूक वाचते म्हणून, रात्री नाल्याकाठी टाकून यायची आणि विचारणा झाल्यावर 'कंपनीच्या फायद्यासाठीच केले' म्हणायचे, हा बचाव टिकणारा नाही. नफा कमावण्यास मात्र कायद्याची कोणतीही आडकाठी नाही.

खरी अडचण नातेसंबंधांत येते. समजा, आपल्या सख्ख्या भावाचे जुने लेथ मशीन कंपनी विकत घेणार आहे. भाऊ हा कायद्याने 'नातेवाईक' असल्यामुळे, व्यवहार नेहमीच्या धंद्यातला नसेल किंवा बाजारभावाने नसेल तर, कलम 188 प्रमाणे संचालक मंडळाच्या सभेत आधी मंजुरी घ्यावी लागते. नातेवाइकांच्या यादीत मेहुणा आणि साडू नाहीत (हे ऐकून काहींचे चेहरे खुलतात), परंतु संचालकाचे हित कंपनीच्या हिताच्या आड येऊ नये ही कलम 166 ची अट तिथेही सुटत नाही. संचालकाने स्वतःला, नातेवाइकांना, भागीदारांना किंवा सहयोग्यांना गैरवाजवी लाभ मिळवून दिल्यास तेवढी रक्कम त्याला कंपनीला भरून द्यावी लागते. शिवाय कलम 166 च्या उल्लंघनासाठी एक ते पाच लाख रुपये दंड आहे.

इतर कंपन्या व पेढ्यांतील आपले हितसंबंध प्रत्येक संचालकाने दर आर्थिक वर्षाच्या संचालक मंडळाच्या पहिल्या सभेत लेखी कळवायचे असतात. सामाजिक दायित्वापोटी नफ्याच्या दोन टक्के खर्चाची सक्ती वर्षाला पाच कोटी निव्वळ नफा, हजार कोटी उलाढाल किंवा पाचशे कोटी नक्त मूल्य असणाऱ्या कंपन्यांपुरती आहे. आमच्या बहुतेक ग्राहकांना तिची चिंता नको.

नात्यातील खरेदी करण्यापूर्वी त्याच मालाची बाहेरच्या दोन विक्रेत्यांची कोटेशने घेऊन आमच्याकडे यावे. ठराव इंग्रजीत लिहिला जातो. सही करण्याआधी तो आम्ही मराठीत वाचून दाखवतो. मागची तारीख घालून ठराव मात्र आम्ही करून देत नाही.