रोहिणीकाठिण्य

रोहिण्यांच्या (धमन्यांच्या) भित्ती वयोमानाने जाड व ताठर होतात, त्या बदलास ही संज्ञा आहे. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत ‘रोहिणी’ आणि ‘नीला’ ही जोडी आढळते. गुजरातीत ‘धमनी’ रूढ असल्याने वडोदऱ्यात गुजराती माध्यमातून शिकलेल्या मराठी माणसांच्या तोंडी तोच शब्द बसला आहे. घरात मात्र ‘नसा कडक झाल्या’ एवढेच म्हणतात.

संज्ञेच्या प्राचीनत्वाविषयी एकमत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय २०) कफाच्या वीस विकारांत ‘धमनीप्रतिचय’ मोजला आहे आणि अनेक वैद्य त्यालाच रोहिणीकाठिण्य मानतात. अकराव्या शतकातील टीकाकार चक्रपाणिदत्त त्याचा अर्थ धमनीचा उपलेप असा लावतो. संहितेचे आजचे रूप सामान्यतः इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ठेवतात. दृढबल या नंतरच्या संस्कर्त्याने पुढे भर घातली ती चिकित्सा, कल्प व सिद्धी या स्थानांत, म्हणजे प्रस्तुत उल्लेख त्याआधीचा ठरतो. तथापि प्राचीन ‘धमनी’ म्हणजे आजची रोहिणी नव्हे. सुश्रुत धमन्या २४ सांगतो व त्यांचा उगम नाभीत मानतो. शिवाय लेप बसणे व भित्ती ताठरणे या दोन वेगळ्या घटना आहेत. उपलेपाचे साम्य जुळलेच तर ते भित्तीच्या आतल्या स्तरात मेदाचे थर साचण्याशी (विलेपी विकाराशी) अधिक जुळते.

काठिण्य मुख्यतः भित्तीच्या मधल्या स्तरात घडते. महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रोहिणीच्या) या स्तरात इलॅस्टिन या लवचीक प्रथिनाची पटले एकावर एक रचलेली असतात. हृदय आकुंचन पावले की ती ताणतात, शिथिल झाले की पूर्ववत होऊन रक्त पुढे ढकलतात. इलॅस्टिन बहुतांशी गर्भावस्थेत व बालपणी तयार होते. पुढे तेच आयुष्यभर पुरवायचे असते. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाखावर ताण पडतात. पटले झिजून तुटतात, भार कोलॅजेनच्या ताठ तंतूंवर येतो, साखरेच्या रेणूंमुळे हे तंतू एकमेकांना जखडले जातात आणि कॅल्शियमही साचते. महारोहिणी रुंदावते, लांबते. दंडाची रोहिणीही कधी नागमोडी होते : रक्तदाब मोजण्यासाठी वृद्धाची बाही वर सारली, की कोपराच्या खळीत पातळ त्वचेखाली ती प्रत्येक ठोक्याला वळवळताना दिसते.

ताठर नळीतून नाडीची लहर वेगाने धावते. तरुणपणी महारोहिणीत हा वेग सेकंदाला ५ ते ६ मीटर असतो, उतारवयात १० मीटरच्या पुढे जातो. मान व जांघ येथील ठोक्यांतील कालांतरावरून तो काढतात. नाडीचा आलेख घेणारे यंत्र फ्रान्समध्ये मारे या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८६० च्या सुमारास प्रचारात आणले; लंडनमध्ये त्यात सुधारणा करून वृद्धांच्या नाडीचे आलेख अभ्यासणारा फ्रेडरिक अकबर महोमेद (१८४९–८४) हा पाटण्यात जन्मलेल्या दीन महोमेद यांचा नातू होय.

पूर्वी उच्च रक्तदाब हे कारण व काठिण्य हा परिणाम समजत. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावच्या दीर्घकालीन हृदयपाहणीत (२०१२) उलट क्रम दिसला : काठिण्य आधी, रक्तदाबवाढ नंतर. हाच क्रम अधिक ग्राह्य वाटतो, जरी पुढे दोन्ही एकमेकांना बळ देतात. साठीनंतर वरचा आकडा चढतो व खालचा उतरतो, तो याचमुळे. खालचा आकडा उतरला म्हणून समाधान मानणे चुकीचे. हा आकडा हृदय शिथिल असतानाचा, आणि हृदयाच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः त्याच काळात.

हा आधुनिक राहणीचाच रोग, ही समजूत ममींमुळे डळमळली. कमाटीबागेतील संग्रहालयात बडोदेकरांनी पाहिलेली ममी इजिप्तचीच. इजिप्तच्याच एका वृद्धेच्या ममीत चेर्माक या शरीरक्रियाशास्त्रज्ञाला १८५२ मध्येच महारोहिणीत कॅल्शियम आढळले होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत चार प्रदेशांतील १३७ ममींपैकी ४७ मध्ये विलेपी विकाराच्या खुणा मिळाल्या. अर्थात क्ष-किरणांत दिसतो तो कॅल्शियम. तुटलेले इलॅस्टिन त्यांत दिसत नाही.

नियमित चालणे, मीठ कमी करणे, तंबाखू सोडणे व रक्तदाबाची औषधे यांनी काठिण्याची गती मंदावते.