फ्यूज शाबूत, प्लग मात्र वितळलेला

नाशिकहून वणीला निघालेल्या गाडीत 12 व्होल्टचं सॉकेट एकच आणि गिऱ्हाइकं चार: दोन मोबाइल, डॅशकॅम आणि पाणी तापवायची किटली. मोबाइल आणि डॅशकॅमची काळजी नको, ते जेमतेम काही वॅट घेतात. बघायचं ते किटलीकडे.

बऱ्याच गाड्यांत या सॉकेटला 10 किंवा 15 अँपिअरचा फ्यूज असतो. 12 व्होल्ट गुणिले 10 अँपिअर म्हणजे 120 वॅट. एवढ्यावर अर्धा लिटर पाणी 25 अंशांवरून 95 अंशांवर न्यायला, उष्णता अजिबात वाया गेली नाही तरी, वीस मिनिटं लागतात. प्रत्यक्षात त्याहून जास्तच. तोवर दिंडोरी येते आणि टपरीवर चहा तयार असतो!

घरच्या 230 व्होल्टवर 120 वॅटसाठी अर्धा अँपिअर पुरतो. गाडीत तेवढ्यासाठीच दहा लागतात. म्हणून इथे खरा घोळ होतो तो जोडणीत. प्लगच्या टोकाची पिन धन, बाजूच्या पट्ट्या ऋण, आणि सगळी पकड एका स्प्रिंगवर. हे सॉकेट मुळात सिगारेट लायटरचं. लायटर काही सेकंद तापायचा आणि टपकन बाहेर यायचा. खड्ड्यांनी प्लग सैल झाला आणि जोडणीत 0.1 ओहमचा जरी रोध आला, तरी 10 अँपिअरला तिथे 10 वॅट उष्णता तयार होते, तीही प्लास्टिकच्या पोटात. फ्यूजला यातलं काहीच कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. पिनभोवती तपकिरी कडं दिसलं किंवा जळका वास आला, तर तो प्लग फेकून द्या. जड उपकरण लावल्यावर पाच-दहा मिनिटांनी प्लगला हात लावून बघा: कोमट चालेल, चटका नको.

फ्यूज सारखा उडतो म्हणून लाल 10 काढून पिवळा 20 बसवणं हा तर शुद्ध आततायीपणा. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. तो मोठा केला की डॅशबोर्डमागची वायर आधी तापते.

'150 वॅट' लिहिलेला इन्व्हर्टर (गाडीच्या 12 व्होल्टचे घरच्यासारखे 230 करणारा डबा) पूर्ण भारावर 12 व्होल्टला चौदा-पंधरा अँपिअर ओढतो, त्यामुळे 10 च्या फ्यूजवर तो चालणार नाही. 65 वॅटचा लॅपटॉप मात्र खुशाल लावा.

काही गाड्यांत चावी काढली तरी सॉकेट चालूच राहतं. चार अँपिअर घेणारा छोटा फ्रिज रात्रभर राहिला, तर 35 अँपिअर-तासांची बॅटरी सकाळी सेल्फ मारू देणार नाही. टायरमध्ये हवा भरायचा पंप इंजिन चालू ठेवूनच लावा, पण बंद गॅरेजमध्ये नको. मोठ्या पंपांना बॅटरीवर थेट लावायचे चिमटे येतात, ते सॉकेटच्या वाटेला जातच नाहीत.